मोठ्या ग्लोसाइन बोर्डाचा फ्लेक्स बदलायचा कसा: माप, क्रम आणि सुरकुत्या

नवा फ्लेक्स लावला, चार दिवस झकास दिसला आणि महिन्याभरात मधोमध पोट सुटलं, कोपऱ्यात सुरकुत्या आल्या, रात्री लाइट लागली की मधेच काळी पट्टी दिसायला लागली. मग मालक प्रिंटिंगवाल्याला बोलतो की माल हलका दिलास. माल हलका असतोही कधीकधी, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा गडबड घाईत घेतलेल्या मापात आणि उलट्या क्रमाने ताणण्यात असते. चार दणकट पोरं लावून जोरात खेचलं की फ्लेक्स टाइट बसतो ही समजूत आधी डोक्यातून काढा. एका कोपऱ्यातून जोरात खेचत गेलात की दुसऱ्या कोपऱ्यात सुरकुती जमलीच म्हणून समजा, मग तिथे कितीही जोर लावा ती जात नाही.

इथे दोन बांबूंना बांधायच्या वाढदिवसाच्या बॅनरबद्दल बोलत नाहीये. हॉस्पिटल, शोरूम, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय यांच्यावर असते ती लोखंडी पेटी, आत लाइट आणि समोर बॅकलिट फ्लेक्स (मागच्या लाइटने उजळणारा), त्याबद्दल. उदाहरणाला २० बाय ८ फुटांचा, पहिल्या मजल्याच्या उंचीवरचा बोर्ड धरू.

१. चढायच्या आधी खालून बघायचं

फ्लेक्सच्या आधी पेटी बघा. भिंतीतले अँकर बोल्ट, ब्रॅकेटची वेल्डिंग, पेटीचा खालचा पाइप. खालचा पाइप सगळ्यात आधी सडतो कारण पाणी तिथेच साचतं. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर त्या पाइपात नवीन स्क्रू धरणार नाही, आधी फॅब्रिकेटरला बोलवा. जुना फ्लेक्स काढल्यावर पाइप सडका निघाला तर उघडी पेटी वर आणि तुम्ही खाली, ही वेळ येऊ देऊ नका.

आता वारा. २० बाय ८ म्हणजे १६० चौरस फूट, जवळपास १५ चौरस मीटर. या मापाचा फ्लेक्स मार्जिन धरून जेमतेम साडेआठ किलोचा असतो, म्हणून पोरांना वाटतं की हलकंच तर आहे. पण ताशी ३६ किलोमीटरचा वारा, म्हणजे लहान झाडं डोलायला लावणारा, दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोचा जोर देतो. अख्खा फ्लेक्स उघडा असेल तर ९० किलोचा धक्का, तोही शिडीवर उभ्या माणसाच्या हातात. त्यामुळे सकाळी लवकर सुरू करायचं आणि दुपारचा वारा सुटायच्या आत चारही बाजू धरलेल्या असल्या पाहिजेत. वळवाच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर हे काम हातात घ्यायचंच नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ती अशाच वळवाच्या वादळात. ते होर्डिंग अवाढव्य होतं, आपली पेटी त्यापुढे काहीच नाही, पण वादळ आलं की माणसं आडोसा म्हणून बोर्डाखालीच येऊन उभी राहतात हे विसरू नका.

सावधान: बोर्डाजवळून एमएसईबीची उघडी तार जात असेल तर अॅल्युमिनियमची शिडी नको आणि लांब पाइपला गुंडाळलेला फ्लेक्स उभा करून वर न्यायचा नाही. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जवळ असेल तर सप्लाय बंद करून घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

पायाखाली परांची किंवा बूम लिफ्ट असावी. २० फूट लांबीला दोन शिड्या टेकवून काम होतं असं सांगणारे भेटतील, पण शिडीवरून माणूस एका हाताने खेचतो आणि एका हाताने स्वतःला धरतो, ताण सारखा येणार कसा? बेल्ट फुल बॉडीचा घ्या आणि त्याचा दोर इमारतीच्या पक्क्या भागाला बांधा, बोर्डाच्या पेटीला नाही.

२. माप: जुन्या फ्लेक्सवरून घ्यायचं नाही

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जुना फ्लेक्स कित्येक वर्षं ताणून लांबलेला असतो, त्याचं माप घेतलं तर नवा मोठा होतो. जुन्या बिलावरचं मापही नको. पेटीवर चढून टेप लावायचा.

रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मधे, खाली. उंची निदान चार ठिकाणी. मग दोन्ही कर्ण. दोन्ही कर्ण सारखे आले तर फ्रेम गुण्यात (चारही कोपरे काटकोनात) आहे. एवढ्या मोठ्या पेटीत पाऊण इंचापर्यंत फरक चालून जातो, दोन इंच असेल तर फ्लेक्स चौकोनी आणि फ्रेम तिरकी असा प्रकार होतो, मग मालकाच्या नावाची ओळ उतरती दिसते. अशा वेळी डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगा की बॉर्डर टाकू नको. कडेची सरळ रेघ तिरक्या फ्रेमची चुगली लगेच करते.

पेटीची खोली पण मोजा आणि फ्लेक्स कुठे पकडलाय ते बघा: समोरून पट्टी मारलीय, बाजूला वळवून स्क्रू मारलेत, की मागे नेऊन अडकवलाय. त्यावर मार्जिन ठरतं. बाजूला वळवायचा असेल तर चारही बाजूंनी ४ इंच पुरतात, मागे न्यायचा असेल तर पेटीची खोली अधिक ४ इंच. धरायला हातात काही राहिलंच नाही तर ताणणार काय?

प्रिंटिंगवाल्याला फोनवर नुसतं "२० बाय ८" सांगू नका. दिसणारं माप वेगळं, कापायचं माप वेगळं, दोन्ही कागदावर लिहून चित्र काढून द्या. मार्जिनमध्ये बॅकग्राउंडचाच रंग वाढवून घ्या, म्हणजे अर्धा इंच इकडेतिकडे झालं तरी पांढरी कड दिसत नाही.

तपासा: अक्षरं कडेपासून निदान ६ इंच आत आहेत का? आणि डिझाइन फायनल करतानाच मराठी देवनागरी नाव बघून घ्या. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या पाटीवर ते लागतंच, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यासाठी पुन्हा फ्लेक्स छापायला लागू नये. बोर्डाचं माप किंवा जागा बदलत असाल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाचा (पाट्या-होर्डिंगला परवानगी देणाऱ्या) परवाना आधी, काम नंतर.

३. माल आणि प्रिंट

आत लाइट असलेल्या पेटीला फ्रंटलिट फ्लेक्स (समोरून लाइट पडायचा) लावू नका, प्रकाश बाहेर येत नाही आणि दोरे दिसतात. बॅकलिटच घ्या, एवढ्या मोठ्या मापाला ५१० जीएसएम (चौरस मीटरला ५१० ग्रॅम वजनाचा) किंवा त्याच्या वरचा. स्वस्तातला ४४० लहान बोर्डाला चालतो, इथे तो लवकर पोट सोडतो.

बॅकलिटची प्रिंट दिवसा बघून पास करू नका. टेबलावर गडद लाल दिसणारा रंग मागून लाइट आली की फिका गुलाबी होतो. शाई जास्त घालून, जास्त पासवर (मशीनचं हेड जास्त वेळा फिरवून) मारायला सांगा आणि फूटभर सॅम्पल ट्यूबलाइटसमोर धरून बघा.

जोड. ३.२ मीटरच्या मशीनवर १० फूट रुंदी निघते, त्यामुळे ८ फूट उंचीचा बोर्ड आडवा टाकला तर अख्खा २० फूट एका तुकड्यात येतो, जोड लागतच नाही. तरी काही जण रोल वाचवायला उभे तुकडे जोडून देतात. ऑर्डर देतानाच "जोड नको" असं लिहून द्या. उंची १० फुटांच्या वर असेल तर जोड आलाच, मग तो अक्षरातून जाणार नाही असा ठेवायचा, आडव्या जोडात वरचा तुकडा खालच्याच्या अंगावर यायला पाहिजे म्हणजे पाणी आत शिरत नाही. जोड गरम वेल्डिंगचा हवा, नुसत्या सोल्युशनने चिकटवलेला उन्हात सुटतो.

सॉल्व्हंट प्रिंट निघाल्या निघाल्या गुंडाळू नका, एक दिवस वाळू द्या. गुंडाळताना पाइपवर, प्रिंटची बाजू बाहेर. आणि काहीही झालं तरी साडीसारखी घडी घालून टेम्पोत टाकायचा नाही, घडीची रेघ दिवसा दिसत नाही पण रात्री लाइट लागली की अख्ख्या बोर्डावर चौकोन उमटतात आणि ते कायमचे.

४. लाइट बंद म्हणजे खरंच बंद

एमसीबी पाडला एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच बोर्डांना टायमर असतो, आणि आत कुणी कधी न्यूट्रलवर स्विच लावलेला असतो, म्हणजे स्विच बंद असला तरी फेज बोर्डात हजर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी काढा, टोकांना टेप मारा, डीबीवर (एमसीबी असतात त्या पेटीवर) "काम चालू आहे" लिहून चिकटवा. वर गेल्यावर पेटीच्या लोखंडाला आधी टेस्टर लावायचा आणि मगच हात. जुन्या पेट्यांना अर्थिंग नसतं, पावसाळ्यानंतर पेटीलाच करंट उतरलेला असतो.

५. जुना फ्लेक्स उतरवणं

ज्याला घाई असते तो वरची पट्टी आधी काढतो. मग अख्खा फ्लेक्स अंगावर येतो किंवा वाऱ्याने फुगून माणसाला मागे ढकलतो.

जुना फ्लेक्स पुन्हा वापरायचा नसेल तर तो पेटीवर ताणलेला असतानाच उभ्या पट्ट्यांत कापा, तीन-तीन फुटांच्या. एक पट्टी कापली, वर-खाली सोडवली, गुंडाळून खाली दिली, मग दुसरी. वाऱ्याला धरायला काही मोठं राहतच नाही. कटरचं पातं अर्धा इंचच बाहेर ठेवा, मागे एलईडीच्या वायरी आहेत.

जुनी अॅल्युमिनियमची पट्टी वाकडी न करता काढली तर परत वापरता येते. गंजलेले स्क्रू फिरत नसतील तर डोकी ग्राइंडरने उडवा पण त्याआधी आतला जुना फ्लेक्स आणि पक्ष्यांचं गवत काढलेलं पाहिजे, ठिणगी पडली तर ते पेटतं. आणि हो, पेटी उघडण्याआधी खालून टॉर्च मारून गांधीलमाश्यांचं पोळं बघून घ्या, परांचीवर पळायला जागा नसते.

६. आतलं काम: एकदाच उघडतेय पेटी

इथे एक-दोन तास जास्त द्या, हीच पेटी परत उघडायला पुन्हा परांची, पुन्हा मजुरी.

गंज ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारा, आतली बाजू पांढरी करा, पांढऱ्याने लाइट चांगली पसरते. ज्या कडेवरून फ्लेक्स वळणार त्या कडेवर हात फिरवा. वेल्डिंगचा गोळा, धारदार टोक, जुन्या स्क्रूची नोक, काहीही लागलं तर ग्राइंडरने गोल करा. फ्लेक्स फाटतो तो बहुतेक वेळा इथूनच.

मधले आधाराचे पाइप समोरच्या कडेपासून निदान दीड-दोन इंच मागे हवेत. तपासायची सोपी पद्धत: समोरच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधा, आडवी आणि तिरकी. कुठलाही पाइप किंवा वायर सुतळीला लागत असेल तर ती नंतर फ्लेक्सलाही लागणार, घासणार, आणि रात्री सावली पाडणार.

लाइटचं म्हणाल तर एलईडीचे मॉड्यूल (वायरीने जोडलेले छोटे दिवे) एका लायनीत साधारण २० च्या पुढे जोडत नेऊ नका, शेवटचे मंद पडतात. १२ व्होल्टच्या ४०० वॅटच्या एसएमपीएसवर (एलईडीला वीज देणारा पॉवर सप्लाय) ३२० वॅटपर्यंतच लोड. म्हणजे दीड वॅटचे मॉड्यूल असतील तर २०० च्या आसपास, वर थोडी जागा राहते. एसएमपीएस पेटीच्या तळाला आडवा टाकू नका, बाजूला उभा लावा. खालच्या पाइपाला किंवा पत्र्याला दर तीन फुटांवर ८-१० मिलिमीटरचं भोक हवं, आधीची भोकं चिखलाने बुजलेली असतात ती मोकळी करा.

तपासा: फ्लेक्स चढवायच्या आधी लाइट एकदा लावून बघा. सगळे मॉड्यूल लागले? पुन्हा बंद करा, वायरी पुन्हा काढा. आळस करून वायर तशीच ठेवू नका.

७. चढवणं

फ्लेक्स खालच्या कडेकडून गुंडाळत आणायचा, म्हणजे वरची कड रोलच्या बाहेर येते. चढवायच्या आधी जमिनीवर हे बघा. पाठीमागून वरच्या कडेचा मधला बिंदू मार्करने दाखवा, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेचा पण. फ्रेमवरही चारही बाजूंचे मध्य मार्क करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक हेच सोडतात.

रोल दोन दोरांनी आडवा वर घ्या. वरची कड फ्रेमवर बसवा, मध्याला मध्य जुळवा, तिथे पट्टीच्या छोट्या तुकड्यावरून एक स्क्रू. मग दोन्हीकडे आडवं खेचत दर दोन फुटांवर एक, पण पूर्ण आवळू नका. वरची कड धरली की रोल हळूहळू खाली सोडा, एकाच वेळी फूट-दीड फूटच उघडा राहील असा. झुळूक आली तर तिथेच थांबा.

थंडीत, नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, फ्लेक्स कडक असतो. रोल आधी तासभर उन्हात ठेवा. उलट मे महिन्यातल्या दुपारी तो इतका मऊ होतो की हाताला कळत नाही किती खेचला, आणि रात्री गार झाला की आकसून स्क्रूपाशी चिरतो.

८. ताणणं: मध्यातून कोपऱ्याकडे, तीन फेऱ्यांत

साहित्य: रुंद तोंडाची फ्लेक्स पकड, इंचभर रुंद अॅल्युमिनियमची पट्टी, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत साधे स्क्रू टिकत नाहीत, स्टेनलेस घ्या. स्क्रू थेट फ्लेक्समधून मारू नका, पट्टीवरूनच. नुसत्या स्क्रूभोवती फ्लेक्स फाटत जातो, पट्टी ताण सगळीकडे वाटून घेते.

पहिली फेरी. वरचा मध्य धरलेला आहेच. आता खालचा मध्य खेचून धरा. मग डावा मध्य, मग उजवा मध्य. आता फ्लेक्सवर अधिक चिन्हासारखा ताण आलाय, चारही कोपरे ढिले. कोपऱ्यातला ढिलेपणा बघून हात शिवशिवतात, पण कोपऱ्याला हात लावायचा नाही.

दुसरी फेरी. प्रत्येक मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन फूट. वर एक मारला की त्याच्या बरोबर समोर खाली एक. डावीकडे एक की उजवीकडे एक. दोन माणसं समोरासमोर, एकाच वेळी खेचणारी, तिसरा खाली रस्त्यावर उभा राहून बघणारा. हा तिसरा माणूस मजुरी वाचवायला काढू नका, वरच्याला आपल्या नाकासमोरचे दोन फूटच दिसतात.

खालच्या माणसाने सुरकुती अशी वाचायची: सुरकुती ज्या दिशेने धावते त्या दिशेला ताण जास्त झालाय. उभ्या सुरकुत्या म्हणजे वर-खाली जास्त खेचलं, आडवं कमी, तर बाजूने खेचा. आडव्या असतील तर उलट. तिरकी असेल तर ती ज्या स्क्रूकडे जाते तो जरा सोडा. सुरकुती दिसली की तिथेच आणखी जोर लावणं ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया, आणि त्यानेच ती पक्की होते.

तिसरी फेरी. अख्खी पट्टी बसवत मधल्या जागा भरा, स्क्रूंमध्ये ६ इंच अंतर. आता सारखा ताण द्या. किती? हाताच्या तळव्याने मधोमध दाबलं तर जरासा आत जाऊन लगेच परत यायला हवा आणि टिचकी मारली तर सगळीकडे आवाज साधारण सारखा यायला हवा.

सावधान: वरचा पाइप मधे खाली वाकलेला दिसला तर थांबा. जास्त ताण झालाय किंवा मधे आधार कमी आहे. तसंच पुढे रेटलं तर उद्या पाइप थोडा सरळ होईल, फ्लेक्स ढिला पडेल आणि तुम्हाला वाटेल माल खराब.

९. कोपरे

आता कोपरे. बाजूला वळवलेल्या भागाला कोपऱ्यात छोटा तिरका काप द्या, समोरच्या कडेच्या अर्धा इंच अलीकडे थांबा, काप पुढे आला तर उद्या तिथून फाटत येईल. घडी नीट दाबून वरून पट्टी. थोडी चुणी राहिलीच तर हीट गन फूटभर लांबून, सतत हलवत, नुसती ऊब द्यायला. एका जागी धरली तर फ्लेक्स चकाकतो, मग पिवळा पडतो आणि भोक. अख्ख्या बोर्डाच्या सुरकुत्या हीट गनने काढायला निघालात तर आठव्या टप्प्यात काहीतरी चुकलंय, स्क्रू सोडा आणि परत ताणा.

सिलिकॉन फक्त वरच्या कडेला आणि बाजूंच्या वरच्या फूटभर भागात. खालची कड कधीच बंद करायची नाही. आत गेलेलं पाणी आणि वाफ बाहेर कुठून जाणार? खालून सिलिकॉन मारलेल्या पेट्यांत पावसाळ्यात फ्लेक्सच्या आतून शेवाळ धरलेलं दिसतं.

१०. रात्र आणि दहाव्या दिवसाची फेरी

मालकाला दिवसा काम दाखवून पैसे घेऊन निघू नका. अंधार पडल्यावर लाइट लावून रस्त्याच्या पलीकडून बघा: काळा डाग म्हणजे बंद मॉड्यूल किंवा फ्लेक्सला टेकलेली वायर, उजळ ठिपके म्हणजे मॉड्यूल फ्लेक्सच्या फार जवळ. बादलीभर पाणी वरच्या कडेवरून ओता आणि आत गेलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर येतं का बघा, पण लाइट बंद करून.

फ्लेक्स पहिल्या काही दिवसांत ऊन-थंडीत थोडा लांबतोच. आठ-दहा दिवसांनी परत येऊन खालची आणि एका बाजूची पट्टी सोडून एकदा ताणायची. ही फेरी कोटेशनमध्ये आधीच धरा, नंतर मागितली तर मालक देत नाही आणि तुम्ही जात नाही, आणि पावसाळ्याआधी पोट दिसायला लागतं. त्यासाठी मार्जिन आत्ताच कडेला घासून कापू नका, दीड-दोन इंच पट्टीच्या मागे राहू द्या, पकडीत धरायला लागतात.

कापलेला जुना फ्लेक्स जाळायचा नाही, पीव्हीसी आहे, धूर विषारी असतो. गोठ्यावर, लाकडावर, कांद्याच्या चाळीवर टाकायला मागणारे काम चालू असतानाच खाली येऊन उभे राहतात. त्यांना देण्याआधी पट्टीचे तुकडे आणि स्क्रू काढून द्या.